आधी गाडी थांबवा

नसीमबीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. मलकापुरात माझं विहिरीवरच्या मोटारी बांधायचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली करपलेली तार काढून नवी भरायची, हे माझं काम. दोन्ही हात अडकलेले, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. "भाऊ, गिरजा गाडीतून पडली," ती म्हणाली. मला आधी अर्थच लागला नाही. आमच्याकडे नुसतं 'गाडी' म्हटलं की ती रेल्वेची पॅसेंजर. बाकीच्यांना त्यांची त्यांची नावं आहेत... एसटी, ऑटो, काळी-पिवळी. आणि पॅसेंजर तर टाळेबंदीपासून आमच्या टेशनावर थांबलीच नव्हती. त्यामुळे, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंद झाला. वाटलं, थांबवली वाटतं गिरजावहिनीनं एकदाची! "कोनत्या गाडीतून?" असं मी विचारलं, आणि नसीमबी रडायलाच लागली. मग एकेक कळत गेलं. वडनेर फाट्यावरून निघालेली काळी-पिवळी जीप, तिचं मागचं दार दोरीनं उघडं बांधलेलं, त्या फळीवर पाय खाली सोडून बसलेली माझी वहिनी, मांडीवर भाजीचं गाठोडं, आणि रस्त्यात खड्डा. मागून येणारा ट्रकवाला वेळेवर थांबला. त्यानंच तिला उचलून दवाखान्यात आणलं, पण डोक्यावर पडलेल्या माणसाचं दवाखाना तरी काय करणार. मी पोचलो तेव्हा तिच्या चपला कोणीतरी भाजीच्या पिशवीत भरून भिंतीशी ठेवल्या होत्या.

दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, वेळ आली होती. ऐकून माझं डोकं फिरतं. वेळ आली होती म्हणजे काय? रोज सकाळी पॅसेंजरची वेळ येत होती आणि पॅसेंजर आमच्या टेशनावरून न थांबता जात होती, एवढंच मला माहीत आहे. ती थांबत असती तर बासष्ट वर्षांच्या बाईला हायवेवर पाय लोंबकळत ठेवून बसायची गरज नव्हती. आणि ती का थांबत नव्हती, हे जर सांगायचं तर टेशनाची सगळी कुळकथा सांगावी लागेल. सांगतोच. रागानं सांगतो आहे, हे आधीच कबूल करतो. ज्याला शांतपणे लिहिलेला मृत्युलेख हवा असेल त्यानं पान उलटावं.

मलकापूर आणि नांदुरा यांच्या मधलं हे टेशन. एक दगडी खोली, शेजारी कंदील ठेवायचं बत्तीघर, कोळशाच्या इंजिनांना पाणी देणारी जुनी टाकी, दोन कडुलिंब. रुळांच्या खालच्या अंगाला आमचं मांडवखेड, वरच्या अंगाला खैरगव्हाण. दोन्ही नावं मी इथं बदलून लिहिली आहेत. खरी लिहिली असती तर कोणाचं आधी छापलं यावरून या पुरवणीच्या ऑफिसात माणसं येऊन बसली असती. टेशन उभं आहे ते मांडवखेडच्या शिवारात, आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं आहे खैरगव्हाण. बस, एवढंच भांडण. यावर आमच्या दोन गावांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या. निवडणुका लढवल्या, पोळ्याला बैल अडवले, एकमेकांची डोकी फोडली.

हे कसं झालं, त्याची आमच्या गावची गोष्ट अशी. रुळाची मापं घेत एक गोरा साहेब आला. सगळं शिवार मोकळं, एक जण तेवढा बकऱ्या चारत होता. साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, कोणतं गाव? आता आमच्याकडे 'कोनतं गाव?' असा प्रश्न आला की माणूस ज्या जागी उभा आहे ती जागा कधीच सांगत नाही, आपलं गाव सांगतो. काशीच्या घाटावर उभा असला तरी सांगेल मोताळ्याचा, उंद्रीचा. तो बकऱ्यावाला खैरगव्हाणचा. चरायला आमच्या हद्दीत शिरलेला. त्यानं सांगितलं, "खैरगव्हान!" साहेबानं लिहून घेतलं, आणि झालं. खैरगव्हाणवाल्यांची गोष्ट अर्थात वेगळी आहे. त्यांच्या पाटलानं म्हणे साहेबाला तीन दिवस जेवू घातलं, म्हणून साहेबानं खाल्ल्या अन्नाला जागून नाव दिलं. दोन्ही गोष्टी खोट्या असतील. कोण्या कारकुनानं नकाशात ठळक दिसलं ते नाव उचललं असेल आणि जेवायला गेला असेल. पण हे म्हणायची आमच्याकडे सोय नाही. असं म्हणणारा दोन्ही गावांतून उठतो.

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात खैरगव्हाणचं तिकीट मागितलं नाही. मलकापूरच्या खिडकीवर ते सरळ पुढच्या नांदुऱ्याचं तिकीट काढायचे आणि आपल्या टेशनावर उतरून यायचे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, तोंडातून ते नाव जाता कामा नये. गावातले इतर लोक 'एक आपल्या टेशनाचं द्या' म्हणत. जुन्या बुकिंग मास्तरांना ते कळायचं. नवीन बदलून आलेला असला की बिचारा विचारायचा, आपलं म्हणजे कोणाचं? मग मागच्या रांगेतला कोणी खैरगव्हाणवाला मोठ्यानं हसायचा, आणि तिथंच जुंपायची.

अशा घरात गिरजावहिनी सून होऊन आली, आणि आली कुठून, तर खैरगव्हाणहून. सोयरिकी दोन्ही गावांत होत असत, त्या कधी अडल्या नाहीत. मुली द्यायला-घ्यायला गाव चालायचं, पाटीवर चालायचं नाही. मी तेव्हा शाळेत होतो. लग्नानंतर पहिल्यांदा सगळे मिळून मलकापूरच्या बाजाराला गेलो होतो. परतताना वडील खिडकीशी उभे राहिले आणि नेहमीसारखे म्हणाले, "चार नांदुरा." मागून डोक्यावरचा पदर सावरत वहिनी म्हणाली, "मामाजी, आपल्याले नांदुऱ्याले कायले जायचं हाये?" वडिलांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. तिनं हात पुढं घातला आणि खणखणीत आवाजात, "ओ मास्तर, चार खैरगव्हान द्या!" रांगेतली सगळी माणसं बघायला लागली. घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "तुही सून तोंडाची हाये." आतून वहिनीचं उत्तर, "तोंडाची हाये म्हनून तं तिकीट भेटलं." पण त्या दिवसापासून घरातली तिकिटं तीच काढायला लागली. वडिलांनाही बरं झालं. नाव तर घ्यावं लागत नव्हतं आणि नांदुऱ्यापर्यंतचे पैसेही वाचत होते. त्यांनी तिला या बाबतीत पुन्हा कधी बोल लावला नाही.

भाजीचं तिनंच सुरू केलं. आमची विहिरीखालची थोडी जमीन आहे, तिथं दादा म्हणजे माझा मोठा भाऊ कपाशीच लावायचा. वहिनीनं त्यातला एक तुकडा भांडून मागून घेतला. मेथी, वांगी, आणि सांभार... तुमची कोथिंबीर. सकाळी तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि पॅसेंजरनं मलकापूरला. तिचं बघून गावातल्या दहा-बारा बाया निघायला लागल्या. तिकडून खैरगव्हाणच्या यायच्या, त्यात नसीमबी. ती बांगड्यावाली, मनियारांच्या घरची, वहिनीच्या माहेरच्या गल्लीतली बालमैत्रीण. दोन्हीकडच्या बाया त्या दोन कडुलिंबांखाली बसत. सुरुवातीला इकडच्या एका झाडाखाली, तिकडच्या दुसऱ्या. एकदा डब्यात जागेवरून दोन गावांच्या बायांची चांगलीच लागली, थेट पाटीवर गेली. वहिनीनं दोघींची गाठोडी उचलून दारात ठेवली. म्हणाली, "गाव खाली ठेवून या, नाई तं भाजी खाली ठेवतो." तेव्हापासून त्या डब्यात पाटीचा विषय निघाला नाही. एकीची तब्येत बरी नसली की दुसरी तिचा माल विकून यायची, ती कोणत्या गावची ते न बघता. हे सगळं रोज, वर्षानुवर्षं, आमच्या बायकांनी आमच्या डोळ्यांसमोर केलं. आम्हा पुरुषांना ते दिसत नव्हतं असं नाही. आम्हाला वाटायचं, बाया आहेत, त्यांना काय कळतं गावाची इज्जत.

टेशन तर केव्हाचं मरायला लागलं होतं. आधी कापसाच्या गाठी चढवायची बाजूची लाइन उखडली. मग स्टेशनमास्तर गेला. मग ते टेशन राहिलंच नाही, नुसता थांबा झाला, आणि कमिशनवर तिकिटं विकणारा एक माणूस पेटी घेऊन दगडी खोलीत बसायला लागला. प्रत्येक वेळी दोन्ही गावांनी एकदिलानं काय केलं, ते सांगू? आमच्या पोरांनी जाऊन पाटीवर डांबर फासलं, आणि त्यांच्या पोरांनी येऊन ती पुन्हा रंगवली. लाइन उखडली तेव्हा डांबर. मास्तर गेला तेव्हा डांबर. खोलीचं छप्पर गळत होतं, नळाला पाणी नव्हतं, त्याबद्दल एक चकार शब्द कोणी काढला नाही. पाटी तेवढी सगळ्या लाइनीवर सगळ्यांत ताजी दिसायची, कारण दर दोन वर्षांनी तिला नवा रंग मिळायचा. मी तेव्हाही चिडायचो. वहिनी हसायची. म्हणायची, "भाऊजी, पोट्ट्यायले दुसरं काम द्या, मंग डांबर राहून जाते."

मग ती टाळेबंदी आली. सगळ्या गाड्या बंद झाल्या, ते समजण्यासारखं होतं. पुढे गाड्या सुरू झाल्या, सगळ्यांना आनंद. पहिल्या दिवशी बाया पहाटेच उठल्या, भाजी तोडली, गाठोडी घेऊन कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. गाडी दिसली. सगळ्या उठून उभ्या राहिल्या, गाठोडी डोक्यावर घेतली. आणि गाडी आली तशी धडधडत निघून गेली. वहिनी मला सांगत होती की कोणाला खरंच वाटलं नाही. एक म्हणाली, डायवर नवा असंन, इसरला. एवढ्या भोळ्या त्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी वहिनी वडनेर फाट्यापर्यंत पायी गेली, काळी-पिवळीत बसून मलकापूरला आली आणि माझ्या दुकानासमोर गाठोडं आपटून म्हणाली, "भाऊजी, थे गाडी आता आपल्याले ओळखत नाई." मी चौकशी केली. जिथून तिथून एकच उत्तर... लहान थांबे सध्या बंद आहेत, मागणी असेल तर विचार होईल.

मागणी असेल तर! वहिनीनं तो शब्द धरला. उन्हाळाभर ती दोन्ही गावांत घरोघर फिरली. माझा भाऊ तोवर गेलेला. घरी मुलगा गजानन आणि सून वर्षा शेत बघत होते, त्यामुळे तिला हिंडायला मोकळीक होती. माहेरी गेली की लोक म्हणायचे, आता कशाला आली, तुमच्या मांडवखेडानं डांबर फासलं तेव्हा कुठं होती? आमच्या गावात म्हणायचे, खैरगव्हाणच्या टेशनासाठी आम्ही कशाला भांडू? बोर्डावर ज्यायचं नाव त्यायनंच भांडावं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आमच्या पारावर, शिकलेल्या माणसाच्या तोंडून. एखाद्याच्या घराला आग लागावी आणि त्यानं आधी घर कोणाच्या नावावर आहे ते तपासत बसावं, तसा प्रकार. वहिनी सगळ्यांचं ऐकून घ्यायची. मी म्हणायचो, सोड, या दोन्ही गावांना गाडीची लायकी नाही. ती म्हणायची, "गावाले नसंन. बायायले हाये."

शेवटी तिनं कसंबसं जमवलं. पाहणीला मोठे साहेब येणार, असा निरोप कळला होता. ठरलं असं, की दोन्ही गावची माणसं टेशनावर यावीत, साहेबांना हात जोडून सांगावं की गाडी थांबवा, आणि नाव कोणीच घ्यायचं नाही. नुसतं 'हे टेशन' म्हणायचं. तिनं दोन्हीकडच्या सरपंचांकडून तसा शब्द घेतला. नसीमबीनं खैरगव्हाणवाल्यांना कुराणाची शपथ घालायची तेवढी बाकी ठेवली. मीही दुकान बंद करून गेलो होतो. बाया आदल्या दिवशी जाऊन सगळं टेशन झाडून आल्या, दगडी खोलीच्या दाराला आंब्याचा डहाळा बांधला. शंभर-दीडशे माणूस जमलं. दोन्ही गावची माणसं एका कडुलिंबाखाली उभी असलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि मला वाटलं, झालं, जिंकली बाई.

साहेब आले. सभ्य माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. खाली उतरला, सगळ्यांना नमस्कार केला, गर्दी बघून खूश झाला. इकडं तिकडं पाहिलं आणि बोलायला सुरुवात करायची म्हणून सहज विचारलं, "तो ये गाँव कौन-सा है?"

बस्स. 'कोनतं गाव?' विचारलं ना! डाव्या बाजूची सगळी तोंडं म्हणाली मांडवखेड, उजव्या बाजूची म्हणाली खैरगव्हाण. एकाच दमात. कोणी ठरवून नाही केलं, हे मीसुद्धा मानतो. प्रश्नच तसा होता, आणि आमच्या जिभेला दुसरं उत्तर येतच नाही. त्या बकऱ्यावाल्यानं केलं तेच दीडशे माणसांनी केलं. तेवढ्यावर हसून सोडून देता आलं असतं. साहेब हसलाही. पण आमच्याकडचा एक जण पुढं झाला आणि साहेबाला जमिनीचा नकाशा समजावून सांगायला लागला. त्यांच्याकडच्यानं त्याचा हात धरला. कोणीतरी डांबराची गोष्ट काढली. मग साठ वर्षांपूर्वीचा पोळा निघाला. आंब्याचा डहाळा खाली पडला आणि त्याच्यावरून माणसं एकमेकांना ढकलत पुढं-मागं व्हायला लागली. साहेब मागं सरकत होता. म्हणत होता, "पहले आप लोग तय कर लीजिए, फिर देखेंगे." आणि या सगळ्यातून दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारत गिरजावहिनी त्याच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करत होती. ओरडत होती, "सायब, गाव कोनतं थे मंग ठरवू! आधी गाडी थांबवा! सायब, आधी गाडी..." तिचा आवाज बसेपर्यंत साहेब गेला होता. नंतर पारावर चर्चा काय झाली असेल? गाडीची? नाही. आधी कोण बोललं, मांडवखेड की खैरगव्हाण, याची.

वहिनी मात्र त्या दिवशी संध्याकाळी टेशनावरचा कचरा गोळा करत होती. मी म्हणालो, चल घरी. ती म्हणाली, "दीडशे मानसं आली नं भाऊजी. इतके तं कधीच आले नोयते." मी रागानं काहीतरी बोललो. ती म्हणाली की आणखी एकदा बोलवू, फक्त या वेळी बायायलेच पुढं ठेवू, मानसं घरी. तिनं तसं ठरवूनही टाकलं होतं. पण पुन्हा तशी पाहणी आली नाही. 'गावकऱ्यांत एकवाक्यता नाही' असा शेरा गेल्याचं कानावर आलं, खरं-खोटं माहीत नाही. शेरा मारला असेल तर चूक तरी काय लिहिलं?

त्यानंतर काळी-पिवळी. वडनेर फाट्यापर्यंत डोक्यावर गाठोडं घेऊन चालत, मग जीप. जीपवाल्याचा एक नियम आहे, गाठोडंवाल्या मागं. ओली भाजी असते, गाठोड्यातून पाणी गळतं, आतल्या माणसांचे कडक इस्त्रीचे कपडे खराब होतात. म्हणून मागचं दार उघडं बांधायचं आणि बायांना त्या फळीवर बसवायचं, पाय बाहेर. भाडं पूर्ण. मी तिला किती वेळा म्हणालो, आता पुरे, घरी बस, कोणासाठी एवढी मरमर? "मी घरी बसू? मंग सांभार कोन इकन, तुमचे सरपंच?" आणि हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला तेव्हा राग यायचा. आता तो राग कुठं ठेवू ते कळत नाही. ती मला आईसारखी होती, हे मी तिला कधी म्हणालो नाही. आमच्यात असं म्हणत नाहीत. मी तिला चिडवायचो, ती मला चिडवायची, तेवढ्यात सगळं येऊन जायचं.

तेराव्यानंतर शोकसभा झाली. कुठं, तर टेशनावर. दोन्ही गावांनी मिळून ठेवली. माइक आणला, कडुलिंबाला बॅनर बांधलं, तिचा फोटो. खैरगव्हाणचे वक्ते म्हणाले, आमच्या गावची लेक गेली. आमचे म्हणाले, आमच्या गावची सून गेली. मग कोणीतरी सूचना मांडली की टेशनाच्या तोंडाशी तिच्या नावाची कमान उभारावी. टाळ्या पडल्या. दोन्हीकडून! मी बघतच राहिलो. आणि मग विषय निघाला की कमानीवर नाव कोणतं घालायचं. गिरजाबाई हे तर ठरलं, पण पुढं आडनाव माहेरचं की सासरचं? आणि कमानीचं तोंड कोणत्या गावाकडं? तेवढ्यात पॅसेंजर आली. धडधडत गेली, माइकचा आवाज त्यात बुडाला. सगळे वक्ते थांबले, गाडी जाईपर्यंत हातातल्या कागदाकडे बघत उभे राहिले, आणि ती गेल्यावर जिथं थांबले होते तिथून कमानीचं पुढं बोलायला लागले. मान वळवून गाडीकडे पाहिलं ते फक्त मागं बसलेल्या बायांनी.

मी उठलो आणि माइक हिसकावून घेतला. म्हणालो, कमानीतून आत येऊन लोकांनी करायचं काय? इथं गाडी थांबते का? ज्या मागणीसाठी ती तुमच्या दारोदार हिंडली, ती मागणी आज, तिच्या फोटोसमोर, एकानं तरी तोंडातून काढली का? एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "सुधाकरभाऊ, शोकसभेत राजकारन आनू नका." पुढं मी जे बोललो ते या पुरवणीत छापता येणार नाही. नसीमबी उठून माझ्याजवळ आली, माझ्या हातातला माइक काढून घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "चल भाऊ. इनको कमान बनाने दे." आम्ही निघून आलो.

त्यानंतर मी गावाकडं फिरकलो नाही. मनात होतं की त्या दोन्ही गावांचं तोंडच बघायचं नाही. काल सकाळी दुकान उघडून बसलो होतो, तर समोर वर्षा, वहिनीची सून. डोक्यावर गाठोडं, साडीचा मागचा काठ धुळीनं माखलेला. मी आत बोलावलं, पाणी दिलं. तिनं गाठोडं सोडलं, त्यात सांभार. "आत्यानं पेरला होता," म्हणाली, "जायच्या आधीच्या आठोड्यात. आता तोडाले आला. तसाच कसा राहू द्यावा?" हिरवागार होता, पानं अजून ओली. दुकानभर त्याचा वास पसरला. मी एक जुडी हातात घेतली. मग विचारलं, कशानं आलीस? ती खाली बघत म्हणाली, "काळी-पिवळीनं."

"बसली कोठी होतीस?"

"मांगं."

"आत जागा नव्हती?"

"नोयती, काकाजी," ती म्हणाली. "आत दोन्ही गावची मानसं बसली होती. कमानीच्या कामासाठी तहसीलले चालले होते, संगं-संगं."